देवनागरी गावनावं शोधताना टक्का, तारा आणि अंडरस्कोअर: नक्की काय जुळतं?

शिवारफेरी:

नमस्कार मंडळी,

आमचा गट पाणलोटाच्या कामासाठी हवेली आणि पुरंदर तालुक्यांतल्या गावांचा एक लेयर (डिजिटल नकाशाचा थर) तयार करतोय. गावांची नावं निरनिराळ्या ठिकाणांहून आली आहेत. काही जनगणनेच्या रोमन यादीतून, काही ग्रामपंचायतींच्या कागदांवरून देवनागरीत टंकलेली, काही ओपनस्ट्रीटमॅपवरून. या नावांत वाइल्डकार्ड (कुठल्याही वर्णाच्या जागी चालणारी खूण) वापरून शोध घेताना तीन अडचणी येत आहेत.

एक, गाव_नाव लाइक 'वडगाव%' असं, म्हणजे गाव_नाव रकान्यातली 'वडगाव'ने सुरू होणारी नावं, विचारल्यावर डोळ्यांनी दिसणारी काही वडगावं यादीत येतच नाहीत. दोन, रोमन नावांवर तीच क्वेरी क्यूजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरच्या लेयर फिल्टरमध्ये टाकली तर एक उत्तर येतं, 'सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन'मध्ये टाकली तर दुसरं. तीन, एका जुन्या सरकारी कामातून मिळालेल्या फाइलींत टक्क्याची खूण काहीच करत नाही.

आज्ञावलीचे शब्द मी इथे देवनागरीत लिहिते, प्रत्यक्षात ते रोमनमध्येच टंकायचे. ही नावं नीट जुळवणं गरजेचं आहे. कुठल्या गावाला कोणत्या बंधाऱ्याचं पाणी मिळतं, ही पुढची सगळी जोडणी त्यांच्यावर उभी आहे.

अक्षांश:

शिवारफेरी ताई, दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तिसरीही तिच्यातूनच उलगडते.

क्यूजीआयएसमधल्या त्या दोन खिडक्या दिसायला सारख्या असल्या तरी त्यांत दोन वेगळ्या भाषा चालतात. लेयर फिल्टरमध्ये तुम्ही लिहिलेलं वाक्य मागच्या डेटा स्रोताकडे जातं. लेयर जिओपॅकेज (सगळं एकाच फाइलीत साठवणारा प्रकार) असेल तर ते एसक्यूलाइट हा डेटाबेस वाचतो, पोस्टजीआयएस असेल तर पोस्टग्रेस हा डेटाबेस वाचतो. 'सिलेक्ट बाय एक्स्प्रेशन' मात्र क्यूजीआयएस स्वतः वाचतं. एसक्यूलाइटचं लाइक रोमन अक्षरांत लहान-मोठं असा भेद करत नाही. क्यूजीआयएसचं लाइक करतं. जनगणनेच्या यादीत काही नावं सगळी मोठ्या अक्षरांत आणि काही फक्त पहिलं अक्षर मोठं अशी असतील, तर दोन खिडक्यांतून दोन उत्तरं येणारच. एक्स्प्रेशनमध्ये आयलाइक वापरा, मग रोमन नावांपुरतं दोन्हीकडचं उत्तर जुळेल. देवनागरीत लहान-मोठं अक्षर असा प्रकारच नाही, त्यामुळे तिथे लाइक आणि आयलाइक यांत फरक पडत नाही.

म्हणून टक्का लिहिण्याआधी एवढंच विचारायचं: हे वाक्य वाचणार कोण?

जुना_मोजणीदार:

तिसऱ्या अडचणीचं मी सांगतो. त्या फाइलींचं एक्स्टेन्शन एमडीबी आहे का ते बघा. आर्कजीआयएस या नकाशा सॉफ्टवेअरचा जुना 'पर्सनल जिओडेटाबेस' मुळात मायक्रोसॉफ्ट अॅक्सेसची फाइल असायचा. अॅक्सेसच्या रिवाजाप्रमाणे तिथे 'कितीही वर्ण' यासाठी तारा (*) आणि 'एकच वर्ण' यासाठी प्रश्नचिन्ह (?) लागतं. रकान्याचं नावही चौकोनी कंसात लिहावं लागतं. पुढे फाइल जिओडेटाबेस आला आणि त्यात टक्का व अंडरस्कोअर आले. एकाच कार्यालयातल्या दोन टेबलांवर एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन तऱ्हा चालायच्या, आणि नव्याने आलेली मुलं तासन्‌तास अडकायची.

आर्कजीआयएस प्रो पर्सनल जिओडेटाबेस उघडत नाही. त्यामुळे त्या फाइली एकदा जिओपॅकेजमध्ये उतरवून घ्या आणि तारा-प्रश्नचिन्हाचा विषय संपवा.

शिवारफेरी:

होय, एमडीबीच आहे! मनापासून आभार. दोन अडचणी सुटल्या. पण पहिली तशीच आहे. 'वडगाव%' देवनागरीत आहे, जिओपॅकेजमध्ये आहे, तरी गावं गळतातच.

रफार:

ताई, या प्रश्नाची वाटच बघत होतो. यावर मराठीत फारसं लिहिलेलं सापडत नाही आणि ज्याला त्याला स्वतः धडपडून शिकावं लागतं, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

टक्का म्हणजे शून्य किंवा कितीही वर्ण, अंडरस्कोअर म्हणजे बरोबर एक वर्ण. पण हा 'वर्ण' म्हणजे आपण शाळेत शिकलो ते अक्षर नव्हे. संगणकाच्या लेखी तो युनिकोडचा एक संकेत. व्यंजन एक, मात्रा एक, हलन्त एक, अनुस्वार एक. 'पुणे' हे आपल्या लेखी दोन अक्षरांचं नाव. डेटाबेसच्या लेखी प, उकार, ण आणि मात्रा मिळून चार. लाइक '__' लिहून दोन अक्षरी गावं शोधायला गेलात तर पुणे मिळणार नाही. चार अंडरस्कोअर दिले तर मिळेल.

आता तुमचं वडगाव. जुन्या कागदांवर ते 'वडगांव' असं अनुस्वारासह लिहिलेलं असतं. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले, पण पाट्या, शिक्के आणि दप्तरं यांत ते अजून टिकून आहेत. 'वडगांव'मध्ये काना आणि व यांच्यामध्ये एक जादा वर्ण बसतो, म्हणून 'वडगाव%' त्याला ओळखत नाही. 'वडगा%व%' लिहा. तिथला टक्का शून्य वर्णही चालवून घेतो, त्यामुळे दोन्ही रूपं येतात. त्या जागी अंडरस्कोअर लिहिलात तर फक्त अनुस्वाराचं रूप येईल आणि साधं वडगाव गळेल.

वर्णांचा हा हिशोब एकदा कळला की तो कामालाही येतो. लाइक '%वाड_' लिहिलं की वाडी, वाडा, वाडे, वाडो सगळे येतात, कारण शेवटची मात्रा हाच तो एक वर्ण.

सगळ्यात अवघड प्रकरण म्हणजे ऱ. पुरंदरमध्ये काम करताय म्हणजे कऱ्हा नदी तुमच्या नकाशात असणारच, आणि बारामतीकडे गेलात तर कऱ्हावागज. यातला अर्धा र दोन-तीन तऱ्हांनी साठवला जातो. एक, ऱ हा स्वतंत्र वर्ण अधिक हलन्त. दोन, साधा र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अधिक हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडवर्ण (युनिकोडात ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात). पडद्यावर तिन्ही हुबेहूब सारखे दिसतात. डेटाबेसला ते तीन वेगळे शब्द वाटतात, आणि डोळे कितीही ताणले तरी फरक सापडत नाही.

पहिल्या दोघांचा मेळ नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी साठवण एका रूपात आणून) बसतो. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून नॉर्मलाइझ हे फंक्शन आहे. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तिथे 'र, हलन्त, ८२०५ क्रमांकाचा वर्ण' या तिकडीच्या जागी 'ऱ, हलन्त' अशी जोडी रिप्लेसने बसवायची. काही जण ८२०५ क्रमांकाचा वर्ण नुसता पुसून टाकतात. तसं कृपया करू नका. त्याने अर्ध्या र चा रफार होतो आणि नदीचं नाव 'कर्हा' होऊन बसतं.

हे सगळं मूळ रकान्यावर न करता 'नाव_शोध' असा वेगळा रकाना करून त्यात करा. लोकांनी आपल्या गावाचं नाव जसं लिहिलं, ते मूळ रकान्यात तसंच राहू द्या.

अक्षांश:

रफार यांच्या प्रतिसादाला +१०००. त्यात एकच भर: शेपफाइलमधून (नकाशा साठवण्याचा एक जुना फाइल-प्रकार) आलेली नावं असतील तर ती तुटलेली आहेत का ते तपासा. शेपफाइलचा मजकूर रकाना बाइटमध्ये मोजला जातो आणि त्याची कमाल मर्यादा २५४ बाइट. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा एक वर्ण ३ बाइट घेतो. 'वडगाव बुद्रुक' म्हणजे १२ वर्ण आणि एक मोकळी जागा, एकूण ३७ बाइट. कुणी रकाना ३० चा ठेवला असेल तर नाव 'बुद्'च्या आसपास तुटतं, आणि मग '%बुद्रुक' कितीही वेळा चालवलं तरी ते गाव येत नाही.

बुद्रुक-खुर्दवरून आणखी एक. यादीत बुद्रुक, बु., बु॥ आणि नुसतं बु अशी चारही रूपं भेटतील. लाइकमध्ये टिंब म्हणजे साधं टिंब. पण रेगेक्समध्ये (नमुने लिहिण्याची लाइकपेक्षा बारीक भाषा) टिंब हेच वाइल्डकार्ड आहे, कुठलाही एक वर्ण. तिथे 'बु.' लिहिलं तर 'बुद्रुक' मधला 'बुद' सुद्धा जुळतो. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. आणि रेगेक्समधली शब्दसीमेची खूण देवनागरीवर विसंबून वापरू नका. पायथॉनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये काना-मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत, त्यामुळे शब्द मधेच संपला असं ते समजतं.

शिवारफेरी:

'वडगा%व%' चालवलं. बुद्रुक, खुर्द, शेरी सगळी आली! पण नावाचा रकाना रिकामा असलेली काही गावं आहेत. सगळी गावं हवीत म्हणून लाइक '%' दिलं तरी ती गळतात. टक्का म्हणजे 'काहीही' ना?

अक्षांश:

टक्का म्हणजे काहीही, पण काहीतरी असायला हवं. रिकामी स्ट्रिंग (शून्य वर्णांचा मजकूर) त्याला चालते, नल (मूल्यच न भरलेली जागा) चालत नाही. नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर 'हो' नाही आणि 'नाही'ही नाही, 'अज्ञात' असं येतं, आणि अज्ञात ओळी गाळल्या जातात. 'नॉट लाइक' लावलं तरी त्या येत नाहीत. त्यांच्यासाठी 'किंवा गाव_नाव इज नल' हे वेगळं लिहावंच लागतं.

ज्यांना नावच नाही अशा वस्त्या पाणलोटाच्या नकाशात सगळ्यात आधी विसरल्या जातात. त्यांची ओळ तुमच्या क्वेरीत नक्की ठेवा.

जुना_मोजणीदार:

गावांवरून गट नंबरांवर येणार असाल तर एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. सातबाऱ्यावरचा गट १२ आणि त्याचे पोटहिस्से हवेत म्हणून लोक लाइक '१२%' लिहितात. त्यात १२, १२/१, १२/२ येतात, त्यांबरोबर १२० ते १२९ आणि गाव मोठं असेल तर १२०० च्या पुढचेही येतात. बंधाऱ्याखाली जाणाऱ्या जमिनीच्या यादीत एखाद्या शेतकऱ्याचा गट विनाकारण आला, तर त्या घरात काय होतं ते मी पाहिलं आहे. योग्य वाक्य असं: गट_नं = '१२' किंवा गट_नं लाइक '१२/%'. १२अ सारखे नंबर असतील तर तेही नाव घेऊन जोडायचे.

गटाचा कोड 'गट_१२' असा लिहिला असेल तर त्यातला अंडरस्कोअरही वाइल्डकार्ड ठरतो आणि 'गट-१२', 'गट १२' दोन्हींशी जुळतो. खरा अंडरस्कोअर हवा असेल तर एस्केप (पुढची खूण शब्दशः वाचायला सांगणारी खूण) लावावा लागतो. आणि देवनागरी १२ व इंग्रजी आकड्यांतला बारा (12) हे दोन वेगळे मजकूर आहेत. रकान्यात दोन्ही मिसळलेले असतात, ते आधी एका लिपीत आणा.

मांडवीकाठ:

गोव्यातून लिहितेय. वर रफार यांनी '%वाड_' दिलंय ते आमच्याकडे फार उपयोगाचं आहे, कारण आमच्याकडे वस्तीला वाडो म्हणतात. देवनागरीत ते एका मात्रेच्या फरकाने सुटतं. रोमनमध्ये मात्र पोर्तुगीज वळणाची स्पेलिंगं आहेत, व्ही आणि डब्ल्यू दोन्हींनी सुरू होणारी, मधला डी एकदा किंवा दोनदा. तिथे लाइक पुरत नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवरून माहिती ओढत असाल तर ओव्हरपासच्या (ही माहिती विचारून घेण्याची सेवा) भाषेत लाइक नाहीच, थेट रेगेक्स आहे. टॅगच्या (म्हणजे माहितीच्या रकान्याच्या) नावापुढे लहरी खूण (~) आणि मग नमुना. शेवटी वाडी असलेली नावं हवीत तर 'वाडी$', सुरुवातीला वडगाव असलेली हवीत तर '^वडगाव'. दोन्ही खुणा गाळल्या तर ते मधेही कुठेही जुळतं, म्हणजे लाइकमध्ये दोन्ही बाजूंना टक्का दिल्यासारखं. लाइकची सवय असलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. टॅग आहे एवढंच तपासायचं असेल तर चौकोनी कंसात नुसतं टॅगचं नाव लिहायचं. विकीवर 'हायवे=*' असं लिहिलेलं दिसतं, पण तो तारा माणसांसाठी आहे. ओव्हरपासमध्ये तो अवतरणचिन्हांत मूल्य म्हणून टाकला तर ते अक्षरशः तारा हेच मूल्य शोधतं. जोसम या ओपनस्ट्रीटमॅप संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र शोधखिडकीत तोच तारा चालतो, तिथे तो 'काहीही मूल्य' असा वाचला जातो.

मराठी नावाचा टॅग वेगळा आहे, साध्या नावाच्या टॅगपुढे अपूर्णविराम (:) आणि मराठीचा संकेत. तो नसलेल्या वस्त्या शोधायला टॅगच्या नावाआधी उद्गारचिन्ह लावा. तुमच्या भागातली अशी यादी काढून नावं भरलीत तर आम्हा सगळ्यांचं काम पुढे जाईल.

ओंटारियोकर:

डेटा वेब सर्व्हिसवरून घेणार असाल (डब्ल्यूएफएस), तर तिथला प्रकार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. ओजीसी या नकाशा-माहितीची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या फिल्टर एन्कोडिंगमध्ये 'प्रॉपर्टी इज लाइक' लिहिताना कितीही वर्णांची खूण कोणती, एका वर्णाची कोणती आणि एस्केपची कोणती, हे तिन्ही त्या विनंतीतच जाहीर करावं लागतं. तारा घ्या, टक्का घ्या, तुमची मर्जी. सर्व्हर ते वाचून आपल्या डेटाबेसच्या खुणांत बदलून घेतो. फक्त एस्केपच्या अॅट्रिब्यूटचं नाव १.० आवृत्तीत वेगळं होतं आणि १.१ पासून बदललं. जुनी विनंती नव्या आवृत्तीला पाठवली आणि ती नाकारली गेली, तर आधी तिथे बघा.

जिओसर्व्हर या नकाशे पुरवणाऱ्या सॉफ्टवेअरला सीक्यूएल या शोधभाषेतून विचारलंत तर परत आपला टक्का आणि अंडरस्कोअर.

शिवारफेरी:

वाचता वाचता वहीची पानं भरली. आता नावांपलीकडचा एक प्रश्न. गावाची हद्द शेजारच्या गावाला लागून आहे का, हे मी पोस्टजीआयएसच्या एसटी_टचेस या फंक्शनने काढते. पण फक्त एका कोपऱ्यावर भेटणारी गावंही त्यात येतात. मला सामाईक शिव असलेली गावं हवीत, कारण ओढा शिवेवरून वाहतो. भूमितीसाठी वाइल्डकार्ड असतं का?

अक्षांश:

असतं! आणि मला ते नावांच्या वाइल्डकार्डपेक्षाही आवडतं.

कुठल्याही आकृतीचे तीन भाग धरायचे: आतला भाग, सीमा, बाहेरचा भाग. दोन आकृत्या घेतल्या की तीन गुणिले तीन, नऊ घरांचा तक्ता होतो. प्रत्येक घरात त्या दोन भागांचं छेदन काय येतं ते लिहायचं: काही नाही (एफ), बिंदू (०), रेषा (१) किंवा क्षेत्र (२). १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅक्स एगेनहोफर, एलिसेओ क्लेमेंटिनी, पाओलिनो दि फेलिचे या संशोधकांच्या कामातून ही मांडणी घडली. टचेस, विदिन, ओव्हरलॅप्स हे सगळे शब्द या तक्त्यावरचे ठरावीक नमुनेच आहेत. नमुन्यात टी म्हणजे 'काहीतरी छेदन आहे', आणि तारा म्हणजे 'या घराचं उत्तर काहीही असो'.

गावांसारख्या दोन क्षेत्रांसाठी टचेस पाचव्या घरात, म्हणजे सीमा आणि सीमा यांच्या घरात, टी मागतं. बिंदू असो वा रेषा, त्याला दोन्ही सारखे. अमेरिकेत युटा आणि न्यू मेक्सिको एकाच बिंदूवर भेटतात, तेही त्याच्या लेखी शेजारी. तुम्हाला तिथे रेषाच हवी, म्हणून पाचव्या घरात १ लिहायचा. आतले भाग एकमेकांत घुसलेले नकोत, म्हणून पहिल्या घरात एफ. बाकी सात घरांत तारे:

एफ***१****

(एफ रोमनमध्ये मोठा, १ इंग्रजी आकडा.) हा नमुना एसटी_रिलेटला तिसरा घटक म्हणून द्या. क्यूजीआयएसच्या एक्स्प्रेशनमध्येही रिलेट फंक्शन हाच नमुना घेतं. नऊच्या नऊ घरांत तारे टाकले तर जगातली कुठलीही दोन गावं जुळतील, म्हणून कुठलं घर मोकळं सोडताय ते एकदा बोट ठेवून मोजा.

आणखी एक. पोस्टजीआयएसमध्ये टचेस आपणहून इंडेक्स वापरतं, रिलेट वापरत नाही. त्याच्या आधी दोन आकृत्यांभोवतीच्या चौकटींची तुलना करणारी && ही खूण जोडली नाही, तर अख्ख्या जिल्ह्याच्या गावांवर क्वेरी रखडत बसेल.

रफार:

आणि नावांचे हे सगळे उपाय गाव हुडकण्यासाठी ठेवा. दोन तक्ते कायमचे जोडायचे असतील तर नावाने जोडू नका. जनगणना २०११ चा सहा अंकी गावकोड किंवा पंचायत राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला कोड वापरा. वाइल्डकार्डने एकदा गाव सापडलं, डोळ्यांनी खात्री केली, की त्याच्यासमोर कोड लिहून टाका.

शिवारफेरी:

रिलेट चालवलं. कोपऱ्यावरची गावं गेली. पण खात्रीने शेजारी असलेल्या काही जोड्याही गेल्या. आमच्या माणसांनी त्या शिवेवरून चालत जाऊन पाहिलंय.

जुना_मोजणीदार:

तिथे नमुन्याचा दोष नाही. प्रत्येक गावाचा नकाशा पूर्वी स्वतंत्र मोजलेला असतो आणि स्वतंत्र कागदावर असतो. दोन गावं शेजारी डिजिटाइझ केली की एकीची रेषा आत सरकते, दुसरीची बाहेर. मध्ये हातभर फट राहिली तर पाचव्या घरात एफ येतो. हातभर एकमेकांवर चढली तर पहिल्या घरात २ येतो. दोन्ही वेळा तुमचा नमुना ती जोडी बाहेर ठेवणार. पहिल्या घरातही तारा टाकून हे सुटेल असं वाटतं, पण फटींना त्याचा उपयोग नाही, आणि एकमेकांवर चढलेल्या हद्दी एकमेकींना छेदतात त्या बहुधा बिंदूंत, म्हणजे पाचव्या घरात १ ऐवजी ० येतो.

क्यूजीआयएसच्या टोपॉलॉजी चेकरमध्ये 'फट नको' आणि 'चढणं नको' हे दोन नियम लावून आधी सगळ्या जागा मोजा. बहुतेक चुका एकाच नकाशाच्या कडेने ओळीने आल्या, तर रेषा ओढू नका, तो नकाशाच पुन्हा जिओरेफरन्स करा (जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवा). त्यासाठी तीन गावांच्या सीमा मिळतात तिथले दगड सगळ्यात भरवशाचे, कारण ते तिन्ही नकाशांवर असतात. तुमची माणसं शिवेवर जातातच आहेत, तर जीपीएस घेऊन त्या दगडांचे बिंदू घ्या. सगळे नकाशे त्याच बिंदूंवर बसवा, उरलेल्या बारीक फटी स्नॅपने (जवळच्या रेषा एकमेकींना चिकटवून) मिटवा आणि मग रिलेट पुन्हा चालवा.